भिंतीकडून तिसरं

माझ्या गाडीत माणसं झोपतात. कौतुकाने सांगत नाही, धंदाच तसा आहे. रात्रपाळी संपवून सुटलेल्या नर्सबाया, डायलिसिसहून परतणारी म्हातारी माणसं. मागच्या सीटवर टेकली की पहिल्या वळणाच्या आत त्यांच्या माना कलंडतात. आरशात मला उघडी तोंडं दिसतात, काचेला चिकटलेली कपाळं दिसतात. मी हॉर्न वाजवत नाही. खड्डा आला की त्याच्या कडेकडेने जाते. दुसऱ्यांची झोप भरून गावभर हिंडायचं आणि ज्याची त्याच्या दारात न सांडता उतरवायची, एवढंच माझं काम. कधीकधी रस्ता इतका मऊ होतो की मलाच कळत नाही, मी गाडी चालवतेय की सगळ्यांनी मिळून बघितलेल्या एकाच स्वप्नातून जातेय.

त्या स्वप्नाला कुठेतरी ठसका लागायला लागला. पूल ओलांडला की पुढे लांब चढ आहे. इंजिन तापलेलं असायचं, मी पाय दाबायची आणि गाडी एकदम अंग टाकायची. थरथर स्टिअरिंगमधून माझ्या कोपरापर्यंत यायची. भर जेवणात कुणाला हुंदका यावा आणि त्याने तो गिळावा, तशी. मग पुन्हा ठीक.

माझे एक नेहमीचे काका आहेत, रिटायर्ड मास्तर. चढावर ते जागे व्हायचे.

"आलं का घर?"

"नाही काका, झोपा तुम्ही."

तीनचारदा असं झालं, मग ते झोपेनातच. ताठ बसून, दरवाज्यावरचा दांडा धरून माझ्या मानेकडे बघत राहायचे. तक्रार केली असती तर मी भांडले असते. ते नुसते जागे राहिले, आणि ते मला लागलं.

गाडी दादाकडे नेली. दादाकडे म्हणजे बाबांच्या गॅरेजात. बाबांचं म्हणायला आता फक्त एक सीट उरलीय. कधीकाळी भंगारात गेलेल्या एका मोठ्या गाडीची पुढची सीट, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर बसवलेली. बाबा दिवसभर तिच्यावर बसतात, हातात इंजिनाचा एक जुना प्लग आणि दात झिजलेला ब्रश. प्लग घासत राहतात. त्यांच्या डोक्यात अजून सकाळ आहे आणि गिऱ्हाईक यायचंय. घरात पलंगावर निजवलं तर ओरडतात, दार उघडून चालू लागतात. सीटवर बसवलं की गप्प. वहिनी त्यांच्यामागे धावून धावून वाळून गेलीय. हे खोटं नाही. ती बिचारी उभ्या उभ्या झोपते.

म्हणून दादाने अट घातली. बॉनेट उघडायच्या आधीच, हात पुसत पुसत.

"कॉइल निघाली तर बदलू आणि तू मोकळी. पण इंजिन निघालं तर मी त्यात हात घालणार नाही. गाडी विकायची. आणि तू घरी थांबायचं, बाबांपाशी. कबूल?"

"आणि तू?"

"मी काय? मी गॅरेज बघतो."

"आणि आपला धाकटा?"

"तो स्कॅनर बघतो."

"वा. म्हणजे ज्याला बघायला काही नाही ती मी."

"उगाच फाटे फोडू नको. तुझ्या मागे आहे कोण?"

हे वाक्य मला चांगलं पाठ आहे. माझ्यामागे नवरा नाही. म्हणजे तो आहे, धडधाकट आहे, त्याच्या घरात मी नाही एवढंच. त्या घरात मी वाईट ठरले आणि इकडे परत आले. चार माणसं बसली, चर्चा झाली, आणि सगळ्यांचं एका मिनिटात एकमत झालं की बिघाड माझ्यात आहे. घर तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ही गाडी मी त्यानंतर घेतली. हिच्यात बसले की मी कुणाची परत आलेली बहीण नसते. पण त्या सकाळी मी दमले होते, आणि वहिनीचा चेहरा समोर होता. कबूल म्हणाले.

आता कॉइल काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत, एका आडव्या ओळीत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल बसते, अंगठ्याएवढी जाड, काळी. ती प्लगला करंट देते, प्लग ठिणगी टाकतो, पेट्रोल पेटतं. एका कॉइलने दगा दिला की तिच्याखालचं सिलिंडर मुकं होतं आणि उरलेली तीन त्याला ओढत नेतात. त्यालाच गॅरेजात मिसिंग म्हणतात.

दादाने चारही कॉइली काढून टेबलावर मांडल्या, मीटर लावलं. चारही सारख्या.

"थंडपणी सगळ्याच शहाण्या असतात," दादा म्हणाला. "तापल्यावर कळतं कोण कुणाची."

धाकट्याने बिघाडाचा नंबर सांगणारा नवा स्कॅनर गाडीला जोडला. हा स्कॅनर म्हणजे त्याचं बाळ. रुमालात गुंडाळून ठेवतो. दादा त्याला प्रोफेसर म्हणतो, प्रेमाने नाही.

"काय म्हणतोय तुझा ज्योतिषी?"

"तीन. तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग."

पूर्वी दादा चालू इंजिनवरच एकेक कॉइल उपसून आवाज ऐकायचा. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा कॉम्प्युटर जळला, तेव्हापासून तो प्रकार बंद. आता अदलाबदल करतात. तिसऱ्यावरची कॉइल चौथ्यावर, चौथ्यावरची तिसऱ्यावर. मग गाडी तापवायची आणि स्कॅनरला विचारायचं. बिघाड कॉइलमध्ये असेल तर तो कॉइलबरोबर चालत चौथ्यावर जाईल. जागेत असेल तर जागेवरच बसून राहील. मला ही चाचणी फार आवडते. कुणाला बोल लावायच्या आधी त्याची जागा बदलून बघायची. माणसांत असं कुणी करत नाही.

दादा चढावर जाऊन आला. स्कॅनर म्हणाला, तीन.

प्लग नवा घातला. पुन्हा चढ. तीन.

दादाने बॉनेट पाडलं. जोरात नाही, हळू, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. "कॉइल चांगली, प्लग चांगला, म्हणजे आत व्हॉल्व्ह गेला. इंजिन आहे बाई तुझं." मग त्याने जुन्या गाड्यांच्या दलालाला फोन लावला. दलाल ऊन उतरल्यावर येणार होता. दादाने शटर अर्ध्यावर ओढलं आणि मागच्या खोलीत पडायला गेला.

दुपार झाली. गॅरेजच्या पत्र्याला भोकं आहेत, त्यांतून उन्हाच्या काड्या खाली उतरतात आणि दुपारभर जमिनीवरून सरकत राहतात. धूळ त्यांत तरंगत असते, वर जाते, खाली येते, तिला कुठेच पोचायचं नसतं. धाकटा बाकावर पाय पसरून बसला होता. बाबांच्या ब्रशचा आवाज तेवढा चालू होता, खरं खरं, खरं खरं. मी माझ्या गाडीत जाऊन बसले. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. निरोप घ्यायला आले होते खरं तर, पण सीट माझ्या पाठीला ओळखते. तिने मला आत घेतलं.

आणि बॉनेटखाली आम्ही चौघं निजलो होतो.

खरंच सांगते, मला दिसलं ते असं. लोखंडाची लांब खोली, तेलाचा उबदार वास, आणि एका ओळीत चार गाद्या. दादा, ताई, मी, धाकटा. सुट्टीतली दुपारची सक्तीची झोप. दादा दाराकडे, कारण तो मोठा. धाकटा भिंतीकडे, कारण तो लोळत बाहेर जायचा. दाराशी आईचं शिलाई मशीन, त्याचं चाक गरगरतंय आणि त्याच्या तालावर आमच्या छात्या वरखाली होतायत. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. सगळं कसं सुरळीत. मग कुणीतरी खोकलं.

मीच खोकले. मी लहानपणी फार खोकायची.

मशीन न थांबवता आई म्हणाली, "अहो, तिसरं खोकतंय. चमचाभर औषध पाजा त्याला."

बाबा उठले. हातात बाटली, चमचा. भिंतीशी उभे राहिले. बाबांची पाठ नेहमी भिंतीला. त्यांनी बोट फिरवलं, धाकटा, मी, आणि तिसरी ताई. ताईचं नाक दाबून तो कडू चमचा तिच्या झोपलेल्या घशात ओतला. ताई किंचाळत उठली, आणि मी खोकतच राहिले.

हे स्वप्न नव्हे, हे असंच घडायचं. दर सुट्टीत. ताई अजून ऐटीत सांगते की तिला जन्मात खोकला झाला नाही. होईल कसा? माझ्या वाटणीचं सगळं औषध तिच्या पोटात गेलंय. आई दाराकडून मोजायची, बाबा भिंतीकडून, आणि दोघांनाही कधी शंका आली नाही.

स्वप्नात मी ओरडले, बाबा, तिसरी मी! आईकडून तिसरी मी! पण तोंडातून नुसती थरथर निघाली, चढावरची.

मी डोळे उघडले. उन्हाची एक काडी माझ्या मनगटावर आली होती. डाव्या हाताला भिंत होती. आमच्या गॅरेजची भिंत, हत्यारांच्या फळीची. गाड्या आत येतात, वळतात आणि डावी बाजू या भिंतीला लावून उभ्या राहतात. पाने, पक्कड, सगळं भिंतीवर, म्हणून बाबा जन्मभर तिकडूनच उभे राहिले. बाबा तिकडून, म्हणून दादा तिकडून. दादा तिकडून, म्हणून धाकटा.

मी काच खाली केली. "ए, तीन नंबर कुठला?"

धाकटा पेंगत होता. "अं? हाच की." त्याने आळसावून बोट केलं.

"कुठून तिसरा?"

"कुठून म्हणजे? इकडून. भिंतीकडून एक, दोन, तीन."

"का?"

"का काय छोटीताई? असंच असतं."

"गाडी रस्त्यावर उभी असली तर? तिथे भिंत कुठेय?"

 तो सरळ बसला. फोन काढला, माझ्या गाडीच्या इंजिनाचं चित्र शोधलं. मी उतरून त्याच्या खांद्यावरून बघितलं. इंजिनाच्या ज्या बाजूला बेल्ट फिरतो, तिथून एक. आणि बेल्ट भिंतीच्या बाजूला नव्हता, दाराच्या बाजूला होता. आईच्या बाजूला.

"आयला," धाकटा म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, हळू, "आयला."

"म्हणजे सकाळपासून तुम्ही धडधाकट पोरीला औषध पाजताय."

"पण बाबा तर नेहमी..."

"बाबांना नंबर लागतच नव्हते रे. ते कानाने शोधायचे. त्यांच्या वेळी नंबर म्हणजे नुसतं हाक मारायचं नाव. नंबर तुझ्या ज्योतिष्याने आणला."

त्याचं बोट फोनवरच होतं, पण नजर कुठेतरी लांब गेली होती. "ती लाल गाडी," तो म्हणाला. "शाळेतल्या बाईंची. तिलाही दोन नंबर दाखवत होता. आपण इंजिन गेलं म्हणून सांगितलं."

"आणि?"

"दलालाने नेली."

 बाबांचा ब्रश चालूच होता.

मग बॉनेट उघडून कामाला लागलो. भिंतीकडून दुसरं, म्हणजे खरं तिसरं सिलिंडर, त्याच्यावरची कॉइल मीच काढली. दिसायला बाकीच्यांसारखीच. ती भिंतीला लागून असलेल्या खऱ्या चौथ्यावर बसवली, चौथ्यावरची हिच्या जागी. कनेक्टर दाबले, टक, टक. बॉनेट पाडून बघते तर बाबा सीटवर नाहीत.

"बाबा?"

ते माझ्या गाडीत बसले होते. पुढे, माझ्या शेजारी. प्लग आणि ब्रश मांडीवर. दार कधी उघडलं, कधी बसले, आम्हाला पत्ता नाही. समोर बघत होते, सिनेमा सुरू व्हायची वाट बघावी तसे.

"उतरवू का त्यांना?" धाकट्याने विचारलं.

"राहू दे. पट्टा लाव त्यांना."

शटर वर केलं आणि निघालो. धाकटा मागे, स्कॅनर छातीशी धरून. बाहेर ढग आले होते. ऊन नाही, सावली नाही, सगळीकडे एकच राखाडी उजेड. दुकानं, झाडं, सायकली, सगळं काचेपलीकडे ठेवल्यासारखं. पहिल्या वळणाच्या आत बाबांची मान कलली. ब्रश थांबला. घरात औषध देऊन न येणारी झोप त्यांना माझ्या गाडीत पेट्रोल पंपाच्या आधीच लागली.

पूल आला. खालचं पाणी हलत नव्हतं, पूलच सरकत होता. इंजिन तापलं होतं. मी मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होते, की खोक. खोक बाई एकदा, लाजू नकोस, जिथे असशील तिथून खोक. आजपर्यंत मी या चढावर ती थरथर येऊ नये म्हणून जीव मुठीत धरला होता. आज ती आली नसती तर मी रडले असते.

चढ लागला. पाय दाबला. गाडीने अंग टाकलं, स्टिअरिंग थरथरलं, थरथर कोपरापर्यंत आली.

"किती?"

मागून नुसता बटणं दाबल्याचा आवाज.

"अरे किती?"

"थांब, वाचतोय... चार. चार, छोटीताई! चार म्हणतोय!"

"हळू बोल. बाबा झोपलेत."

मी आरशात पाहिलं. माझा भाऊ स्कॅनरवर ओणवा होऊन हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. बिघाड चालत गेला होता. एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर, कॉइलचं बोट धरून. जागा निर्दोष होती. मला त्या चढाच्या टोकाला, ढगात, माझ्या सासरच्या त्या चार माणसांची आठवण झाली. मी त्यांना मनातल्या मनात अशी एक शिवी घातली की छापली तर कागद फाटेल. मग गाडी वळवली.

गॅरेजात दादा आणि दलाल चहा पीत होते. दलाल गोल, हसरा माणूस, कुणाच्या मयताला आला तरी हसतच येईल असा.

"कुठे गेला होतात? आणि बाबा? अगं, मी गल्लीभर शोधतोय!"

"झोपलेत. आवाज करू नको."

दादाने वाकून काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मी त्याला भिंतीशी नेलं आणि सांगितलं. त्याचं काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच.

"मला शिकवू नको. तीन म्हणजे हे!"

"कुठून?"

"कुठून म्हणजे? इथून!"

"कंपनीचा माणूस आपल्या भिंतीला टेकून मोजायला बसला होता का?"

"सगळं गॅरेज असंच मोजतं!"

"सगळं गॅरेज म्हणजे तू आणि तुझ्यामागून हा."

धाकट्याने फोन पुढे केला. दादाने चित्र बघितलं. मोठं करून बघितलं, फोन उलटा धरूनही बघितला, उलटं धरून तरी भिंत त्या बाजूला येते का म्हणून. मग स्वतः जाऊन, गरम इंजिनावर बोट भाजत, चौथ्यावरची कॉइल उपसली आणि उजेडात फिरवली. बुडाशी केसाएवढी चीर होती, करंट बाहेर पळाल्याने राखेसारखी पांढरी पडलेली.

"हीच," तो म्हणाला. 

"दादा," धाकटा म्हणाला, "ती लाल गाडी."

दलालाने कप खाली ठेवला. "लाल? शाळेवाल्या बाईंची? अहो काय पळतेय ती! मी एक कॉइल टाकली आणि दिली विकून. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी सोडली. मी म्हटलं, काय दिलदार माणसं."

तो खरंच मनापासून हसला. दादा हसला नाही. तो बाबांच्या रिकाम्या सीटपाशी गेला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बापाने चूक शिकवली असं म्हणायचं तर जीभ जळते, आणि नाही म्हणायचं तर त्या बाईंची गाडी समोर येते. त्या दिवशी मला माझ्या भावाचा पहिल्यांदा राग आला नाही.

"मग," दलालाने किल्लीसाठी हात पुढे केला, "बघायची कुठली?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "कुठलीच नाही. चहा संपवा." मग मला म्हणाला, "कॉइल आणतो मी नवी. पण बाबांचं काय? ते मी उगाच बोललो नव्हतो. तुझी वहिनी मरेल."

"मला माहितेय."

"मग?"

मी गाडीकडे बोट केलं. काचेला बाबांचं कपाळ टेकलं होतं, तोंड उघडं होतं. ब्रश मांडीवरून घसरून पायाशी पडला होता, तरी जाग नव्हती.

"त्यांना सीटच हवी ना? माझ्याकडे आहे. सकाळच्या फेऱ्यांना मी नेते, दुपारनंतर तू आणि प्रोफेसर. वहिनीला तेवढा वेळ झोपू द्या. आणि गाडी माझी राहील."

 दादाने शर्टाला हात पुसले आणि कॉइल आणायला निघाला. दारातून परत आला, चिरलेली कॉइल माझ्या हातावर ठेवली. अजून गरम होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरकाका मागे बसले. पुढे बाबा, आपला प्लग घासत. काकांनी विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील. कामावर निघालेत."

"अरे वा," काका म्हणाले.

पूल गेला, चढ आला. मी पाय दाबला. एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार, आईच्या मशीनसारखं. कुणीही खोकलं नाही. चढ संपला तेव्हा आरशात पाहिलं. काकांनी दांडा सोडला होता.